मराठी विराम आणि इंग्रजी वाक्य : विरामचिन्हांच्या चुकांचे मूळ व त्यांची दुरुस्ती

पुणे शहराच्या पूर्वेस हडपसरच्या गाडीतळापाशी सोलापूरचा आणि सासवडचा असे दोन रस्ते फुटतात. आषाढी वारीत ज्ञानदेवांची आणि तुकोबांची पालखी येथूनच आपापल्या वाटेला लागते. मांजरी, फुरसुंगी, उरुळी, लोणी काळभोर या गावांतून मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी पदवीसाठी येथील महाविद्यालयांत येतो, आणि पदवी हाती आली की त्यांतील अनेकांना जवळच्याच औद्योगिक वसाहतीत किंवा मगरपट्ट्याच्या संगणक-कार्यालयांत रोजगार शोधावा लागतो. भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी एकेकाळी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात इंग्रजी ही आता केवळ परीक्षेची भाषा राहिलेली नाही. रजेचा अर्ज, मालाविषयीच्या तक्रारीचे पत्र, यंत्रातील बिघाडाचा अहवाल हे सारे त्या भाषेत लिहावे लागते. शब्दसंग्रह बेताचा असला तरी अशा लेखनात निभावून जाते. क्रियापदाच्या काळाची चूक वाचणारा समजून घेतो. परंतु एक वाक्य कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हेच कळले नाही, तर वाचणारा थबकतो, आणि लिहिणाऱ्याच्या विचारशक्तीविषयीच प्रतिकूल मत करून घेतो. हे मत बहुधा अन्यायाचे असते.

महाविद्यालयीन उत्तरपत्रिकांतून या चुका तांबड्या शाईने वर्तुळांकित होतात. वर्तुळ काढणारा शिक्षक क्वचितच कारण सांगतो, आणि विद्यार्थीही आपण निष्काळजी आहोत असे समजून गप्प बसतो. या चुकांचा संग्रह करून त्या शेजारी शेजारी मांडल्या असता मात्र एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी बहुसंख्य चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्या नियमबद्ध आहेत. विद्यार्थी नियम पाळतो, पण तो नियम मराठीचा असतो. आणि मौजेची गोष्ट अशी की, मराठीचा हा नियम मुळात इंग्रजीतूनच आलेला आहे. फक्त तो आजच्या इंग्रजीतून आलेला नाही. म्हणूनच हा प्रश्न इंग्रजीच्या शिक्षकाइतकाच मराठीच्या अभ्यासकाचाही ठरतो.

येथील इंग्रजी उदाहरणे स्पष्टीकरणासाठी रचलेली असून ती देवनागरीत दिली आहेत. विरामचिन्हे मात्र प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात जेथे येतील तेथेच ठेवली आहेत.

मराठीत विराम आले कोठून

अव्वल इंग्रजीपूर्वीच्या मराठी गद्याला आजच्या अर्थाने विरामचिन्हे नव्हती. पोथ्यांत ओवीच्या किंवा श्लोकाच्या शेवटी दंड येई. तो छंदाची मर्यादा दाखवी, वाक्याची नव्हे. मोडी लेखनात आधी शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जावयाचे, अशी रीत होती. तेथे दोन शब्दांमध्येही जागा सुटत नसे, मग दोन वाक्यांमध्ये चिन्ह कोठून येणार? तरीही पेशवे दफ्तरातील पत्रे आणि बखरी जाणकाराला वाचता येत होत्या व आजही येतात. याचे कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा मराठीचा स्वाभाविक क्रम. ‘आले’, ‘केले’, ‘गेले’ असे क्रियापदाचे पूर्ण रूप आले की विधान संपले, हे कानाला आपोआप कळते. त्यापाठोपाठ ‘मग’, ‘तेव्हा’, ‘त्याउपर’ असा एखादा शब्द आला की नव्या विधानाची ग्वाही मिळते. क्रियापद हाच मराठीचा पूर्णविराम होता, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्ये येते. त्याच्यानंतर कर्म, स्थळ, काळ, कारण, हेतू यांची कितीही लांब रांग लागू शकते. ती कोठे संपली हे क्रियापद सांगू शकत नाही. म्हणून इंग्रजीत कागदावरील चिन्हावर जे ओझे पडते, ते मराठीत पडत नाही.

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्यांचा सहभाग होता. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पूर्णत्वास नेला. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती, आणि सरकारी शाळांतील मराठी क्रमिक पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५० सालची. त्याआधी १८३२ पासून ‘दर्पण’मध्ये बाळशास्त्री जांभेकर एकाच पृष्ठावर इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ छापीत होते. तेव्हा मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या शेजारी उभे राहण्याची सवय छापखान्याला लागलेली होती. कँडी यांनी त्या शेजाराला शिस्त लावली.

आता कँडी यांच्या पिढीतील शिक्षित इंग्रजाला विरामचिन्हे कशी शिकविली जात, हे पाहणे आवश्यक आहे. लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे किमान अर्धशतकभर शाळांतून चालले. कँडी यांनी नेमका हाच ग्रंथ समोर ठेवला होता असे म्हणण्याची गरज नाही. त्या काळच्या इंग्रजी शिक्षणाचे ते सर्वसाधारण भांडवल होते. मरे यांच्या मांडणीत विरामचिन्ह म्हणजे प्रथमतः थांबण्याची खूण. स्वल्पविरामाला सर्वांत कमी थांबावे, अर्धविरामाला त्याच्या दुप्पट, अपूर्णविरामाला त्याच्याही दुप्पट आणि पूर्णविरामाला आणखी दुप्पट, असे जवळजवळ तालाच्या मात्रांसारखे प्रमाण तेथे दिलेले आहे. मराठीतील ‘विराम’ हा शब्द आणि स्वल्प, अर्ध, अपूर्ण, पूर्ण ही विशेषणे याच कल्पनेवर उभी आहेत. चिन्हाचे नावच थांबण्याचे असल्यावर विद्यार्थ्याने श्वास घेण्याच्या जागी स्वल्पविराम दिला, तर दोष त्याचा किती?

इंग्रजी मात्र या कल्पनेपाशी थांबली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिच्यातील विरामचिन्हे श्वासाऐवजी वाक्यरचनेला बांधली जाऊ लागली आणि त्यांची संख्याही घटली. फाउलर बंधूंच्या १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात विरामचिन्हांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अकारण चिन्हे पेरण्याविषयीची त्यातील नापसंती पुढे सार्वत्रिक झाली. मराठी शालेय व्याकरणांनी मात्र जुनी वाटणी बव्हंशी जपली. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या व त्यानंतर १९७२ मध्ये भर पडलेल्या लेखनविषयक नियमांचा भर ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांवर होता. विरामचिन्हांची फेरतपासणी हा त्यांचा विषय नव्हता. परिणामी आजचा विद्यार्थी इंग्रजी लिहिताना जी चिन्हे वापरतो, त्यांतील कित्येक इंग्रजीने स्वतःच टाकून दिलेली आहेत.

दोन वाक्ये आणि एक स्वल्पविराम

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे. इंग्रजी अध्यापक तिला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. ‘द बस वॉज लेट, वी मिस्ड द फर्स्ट लेक्चर.’ मराठीत ‘बस उशिरा आली, आमचा पहिला तास बुडाला’ हे वाक्य निर्दोष तर आहेच, शिवाय चांगलेही आहे. पहिले क्रियापद ‘आली’ येताच विधान पुरे झाले हे वाचकाला समजलेले असते. स्वल्पविराम फक्त जवळीक दाखवितो, आणि बस उशिरा आल्यामुळेच तास बुडाला हा कार्यकारणसंबंध त्या जवळिकीतून ध्वनित होतो. मराठीत अशी अव्ययावाचून जुळणी घरोघरच्या बोलण्यात आहे, म्हणींत आहे, उत्तम गद्यातही आहे.

इंग्रजीत स्वल्पविरामाकडे वाक्याच्या आतली इतकी कामे आहेत की, त्याला वाक्याची सीमा राखता येत नाही. ‘लेट’नंतर स्वल्पविराम दिसताच इंग्रजी वाचक त्याच विधानाचा विस्तार अपेक्षितो, आणि ‘वी मिस्ड’ येताच त्याला मागे वळावे लागते. स्वल्पविरामही काढून टाकला, की दोन वाक्ये नुसती एकमेकांत घुसतात. त्या दोषाला ‘रन-ऑन’ हे नाव आहे. दोन्हींचे मूळ एकच.

ओळखण्याची कसोटी मराठी व्याकरणातच उपलब्ध आहे. विद्यार्थ्याला केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य हे भेद शाळेपासून ठाऊक असतात. स्वल्पविरामाच्या डावीकडचा भाग झाकावा. उजवीकडचा भाग एकटा उभा राहतो का ते पहावे. मग उजवा झाकून डावा पहावा. दोन्ही एकटे उभे राहत असतील आणि मध्ये प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यय नसेल, तर स्वल्पविराम अपुरा आहे. दुरुस्ती मात्र एकच नसते, आणि येथेच तांबडे वर्तुळ निरुपयोगी ठरते. ‘द बस वॉज लेट. वी मिस्ड द फर्स्ट लेक्चर.’ असे दोन तुकडे करता येतात. त्यात दोन घटना सुट्या राहतात. पूर्णविरामाऐवजी अर्धविराम दिला, तर मराठीतील ती अव्यक्त जवळीक बऱ्याच अंशी टिकते. ‘द बस वॉज लेट, सो वी मिस्ड द फर्स्ट लेक्चर.’ यात परिणाम उघड होतो. ‘बिकॉज द बस वॉज लेट, वी मिस्ड द फर्स्ट लेक्चर.’ यात उशीर गौण वाक्यात जातो आणि बुडालेला तास प्रधान होतो. यांपैकी कोणते घ्यावयाचे हे व्याकरण सांगणार नाही. लिहिणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे त्यावर ते अवलंबून आहे. मराठीत जे वाचकावर सोपविले होते, ते इंग्रजीत लेखकाला ठरवून सांगावे लागते. विद्यार्थ्याला हे सांगितले की तो चूक सुधारतोच, शिवाय आपल्या मराठी वाक्याकडेही नव्याने पाहू लागतो.

अपवाद आहेतच. सीझरच्या नावावरील तीन क्रियापदांचे प्रसिद्ध वचन इंग्रजीत स्वल्पविरामांनीच जोडलेले असते, आणि कथा-कादंबऱ्यांतून लहान, समतोल वाक्ये अशी जुळलेली दिसतात. हुशार विद्यार्थी हा दाखला पुढे करतो, तेव्हा त्याला गप्प करू नये. वाक्ये फार आखूड, घडण सारखी आणि कर्ता बहुधा एकच असेल तेथे इंग्रजी ही सवलत देते. बिघाडाच्या अहवालात देत नाही, इतके सांगावे.

या चुकीचा एक सुशिक्षित अवतार आहे. ‘ही वर्क्ड हार्ड, हाउएवर ही फेल्ड.’ कोशात ‘हाउएवर’चा अर्थ ‘परंतु’ असा पाहून विद्यार्थी त्याला उभयान्वयी अव्यय समजतो. परंतु त्या शब्दाचे नाते ‘परंतु’शी नसून ‘मात्र’शी आहे. ‘तो मात्र नापास झाला’ असे म्हणताना ‘मात्र’ वाक्याच्या आत सरकते. ‘परंतु’ आजच्या गद्यात असे सरकत नाही, ते दोन वाक्यांच्या सांध्यावरच बसते. ‘हाउएवर’ही सरकते : ‘ही, हाउएवर, फेल्ड.’ जो शब्द वाक्याच्या पोटात शिरू शकतो तो सांधा होऊ शकत नाही, ही कसोटी ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’ यांनाही लागू पडते. दुरुस्त रूप : ‘ही वर्क्ड हार्ड; हाउएवर, ही फेल्ड.’

आणि तोच विद्यार्थी पुढच्याच ओळीत ‘ही वर्क्ड हार्ड; बट ही फेल्ड.’ असे लिहितो. त्याच्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकाने अर्धविरामाचा मुख्य उपयोग असाच सांगितलेला असतो : दोन लहान वाक्ये ‘पण’, ‘परंतु’ यांसारख्या अव्ययाने जोडलेली असता त्या अव्ययाआधी अर्धविराम द्यावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तक उघडले तर ‘बट’आधी अर्धविराम पानोपानी दिसेल. आजच्या इंग्रजीत ‘बट’ असता साधारणपणे स्वल्पविराम पुरतो, आणि अर्धविराम मुख्यतः अव्यय नसताना येतो. म्हणजे विद्यार्थी अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम आणि स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम देतो. दोन्ही ठिकाणी तो वेडावाकडा चालत नाही. तो फक्त दीडशे वर्षांपूर्वीच्या रस्त्याने चालतो.

‘कारण’ आणि ‘बिकॉज’

‘ही डिड नॉट कम. बिकॉज ही हॅड फीवर.’ दुसरे वाक्य अपुरे आहे. इंग्रजी अध्यापक त्याला ‘फ्रॅगमेंट’ म्हणतो आणि ‘बिकॉजने वाक्य सुरू करू नये’ असा नियम सांगून मोकळा होतो. हा नियम खोटा आहे. वर ‘बिकॉज’नेच सुरू झालेले एक निर्दोष वाक्य येऊन गेले.

चुकीचे मूळ ‘कारण’ या शब्दाच्या वागणुकीत आहे. मराठी व्याकरणे ‘कारण’ला गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययांत घालतात. तसे असेल तर ‘जर’ने सुरू होणारे गौण वाक्य जसे आधी येते, तसे ‘कारण’चे वाक्यही आधी येऊ शकले पाहिजे. ‘कारण त्याला ताप होता, तो आला नाही’ ही रचना मराठी कानाला खटकते. ‘कारण’चे वाक्य प्रधान वाक्याच्या मागूनच येते, आणि बहुधा पूर्णविरामानंतर, स्वतंत्र विधानाच्या डौलाने येते : ‘तो आला नाही. कारण त्याला ताप होता.’ म्हणजे वर्गीकरणात गौण असलेले हे अव्यय व्यवहारात प्रधानासारखे वागते. इंग्रजीत त्याचा खरा जोडीदार शोधावयाचा तर तो ‘बिकॉज’ नव्हे, तर जुन्या वळणाचा ‘फॉर’ आहे. तोही वाक्याच्या आरंभी नेता येत नाही. ‘बिकॉज’ मात्र पूर्णतः गौण. त्याला प्रधान वाक्याचा आधार त्याच पूर्णविरामाच्या आत हवा, पुढे असो वा मागे. मराठी व्याकरणातील एका वर्गीकरणाविषयीचा प्रश्न असा इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेतून उभा राहतो, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे.

दुरुस्तीसाठी शिकविण्याची सोपी युक्ती अशी : ‘बिकॉज’, ‘दो’, ‘व्हेन’, ‘इफ’ यांपैकी शब्द वाक्याच्या तोंडाशी दिसला की पुढे पूर्णविरामापूर्वी दुसरे पूर्ण क्रियापद मिळेपर्यंत वाचीत जावे. न मिळाल्यास मागचा पूर्णविराम पुसावा : ‘ही डिड नॉट कम बिकॉज ही हॅड फीवर.’ स्वल्पविरामाचीही गरज नाही.

जे-ते आणि एक धोकादायक दुरुस्ती

कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये पडणारा एकटा स्वल्पविराम ही चूक दिसावयास किरकोळ, पण व्यवहारात सर्वांत घातक. ‘द वर्कर्स हू केम लेट, वेअर सेंट बॅक.’ मराठीत ‘जे कामगार उशिरा आले, त्यांना परत पाठविले’ असे लिहिताना ‘आले’पुढचा स्वल्पविराम अपरिहार्य वाटतो. तेथे दोन क्रियापदे, ‘जे’ आणि ‘त्यांना’ अशी दोन सर्वनामे, म्हणजे दोन वाक्ये आहेत. त्यांच्या सांध्यावर चिन्ह यावे हे रास्तच. इंग्रजीत ‘ते’ नाही. ‘द वर्कर्स हू केम लेट’ हा सगळा समूह मिळून एक कर्ता आहे, आणि कर्त्यापासून क्रियापद तोडण्याचा अधिकार एकट्या स्वल्पविरामाला नाही. लांब कर्त्यानंतर क्रियापदाआधी थोडे थांबण्यास मरे यांची मुभा होती, हे येथे आठवते. ती मुभा इंग्रजीने पुढे काढून घेतली.

परंतु खरा धोका दुरुस्तीत आहे. स्वल्पविराम एकटा पाहून सद्‌हेतूने शिक्षक किंवा सहकारी त्याला जोडीदार देतो : ‘द वर्कर्स, हू केम लेट, वेअर सेंट बॅक.’ वाक्य आता व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि अर्थ पार पालटला आहे. स्वल्पविराम नसलेल्या वाक्यात उशिरा आलेल्यांनाच परत पाठविले, इतरांनी काम केले. दोन स्वल्पविरामांच्या वाक्यात सगळेच कामगार उशिरा आले आणि सगळ्यांनाच परत पाठविले. कारखान्याच्या फलकावर लागलेल्या किंवा कामगार-अधिकाऱ्याच्या नोंदीत गेलेल्या अशा वाक्यावर एका दिवसाची मजुरी अवलंबून असू शकते. मराठीत हा भेद स्वल्पविरामाने दाखविला जात नाही, ‘जे-ते’ रचना स्वभावतःच निवड करणारी आहे, आणि सरसकट सर्वांविषयी सांगावयाचे असेल तर मराठी वेगळेच वाक्य करते : ‘कामगार उशिरा आले, त्यांना परत पाठविले.’ म्हणून विद्यार्थ्याला प्रथम मराठीत विचारावे : ‘जे कामगार’ म्हणायचे आहे की ‘कामगार, आणि ते सगळे’? पहिले असेल तर इंग्रजीत एकही स्वल्पविराम नको. दुसरे असेल तर दोन हवेत. एक कधीच नाही.

‘की’नंतरचा श्वास

‘ही सेड दॅट, द मशीन वॉज आउट ऑफ ऑर्डर.’ येथील स्वल्पविराम थेट ‘तो म्हणाला की, यंत्र बंद आहे’ यातून उतरला आहे. ‘की’ हे उच्चारात मागच्या क्रियापदाला चिकटते. थांबा त्याच्यानंतर पडतो. शिवाय ‘की’नंतर मराठी बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवते. ‘तो म्हणाला की, मी उद्या येतो’ यात ‘मी’ म्हणजे बोलणारा तोच असतो, आणि काळही बदललेला नसतो. म्हणजे ‘की’च्या पलीकडे अर्धेमुर्धे अवतरणच सुरू होते, आणि त्याआधी स्वल्पविराम शोभतो. इंग्रजी ‘दॅट’ पुढच्या वाक्याचे आहे. त्याने काळ आणि पुरुष दोन्ही बदलून घेतलेले असतात. जुन्या इंग्रजीत स्वल्पविराम असे, पण तो ‘दॅट’च्या आधी, आजच्या इंग्रजीत तोही नाही. ‘ही सेड दॅट द मशीन वॉज आउट ऑफ ऑर्डर.’ काही विद्यार्थी ‘दॅट’नंतर दुहेरी अवतरणचिन्हेही घालतात. त्यांना मराठीतील ‘की’चा हा अर्धप्रत्यक्ष स्वभाव समजावून दिल्यास ती सवय सुटणे सोपे जाते. मराठीतील ‘की’पुढचा स्वल्पविराम मात्र त्यासाठी काढून टाकण्याचे काहीच कारण नाही. त्याच्यामागे मराठीचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे.

याच कुळातील दुसरी चूक अप्रत्यक्ष प्रश्नाची : ‘आय डू नॉट नो व्हेन विल द बस कम?’ मराठीत ‘बस कधी येणार?’ आणि ‘बस कधी येणार ते मला माहीत नाही’ यांत प्रश्नाच्या भागाचा शब्दक्रम तोच राहतो. त्यामुळे पूर्ण वाक्य विधान झाल्याचा इशारा रचनेतून मिळत नाही. इंग्रजीत क्रम सरळ होतो आणि प्रश्नचिन्ह जाते : ‘आय डू नॉट नो व्हेन द बस विल कम.’ प्रश्नचिन्ह वाक्यातील शेवटच्या शब्दांना लागत नसून मुख्य क्रियापदाला लागते, एवढे कळले की दोन्ही दुरुस्त्या एकदम होतात.

उरलेल्या चुकांना फार जागा देण्याचे कारण नाही. ‘अपॉस्ट्रॉफी’ला मराठीत जोड नाही, ‘चा-ची-चे’ प्रत्यय नामाला सरळ जुळतात, म्हणून ते चिन्ह विद्यार्थी सोडून देतो किंवा दुकानांच्या पाट्यांप्रमाणे साध्या अनेकवचनालाही लावतो. संस्कृतातील अवग्रह लोपलेल्या अकाराची खूण म्हणून येतो, तसे हे चिन्ह ‘इट इज’मधील लोपलेल्या स्वराची खूण म्हणून येते, असे सांगितले की निदान ‘इट्स’च्या दोन लेखनांतील गोंधळ कमी होतो : लोप असेल तेथे चिन्ह, मालकी असेल तेथे नाही. अपूर्णविरामापुढे आडवी रेघ ओढण्याची सवय देवनागरीतील आहे. येथे तो विसर्गासारखा दिसतो, म्हणून रेघेने त्याला वेगळे करावे लागते. रोमन लिपीत विसर्गच नाही, तेव्हा रेघही नको. आणि देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. इंग्रजी वाक्याची सीमा दोनदा दाखविली जाते, शेवटी बिंदूने व पुढे मोठ्या अक्षराने. मराठी माध्यमातील विद्यार्थी पहिली खूण करून दुसरी विसरतो, कारण त्याच्या लिपीला तिची कधी गरजच पडली नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा एक पाठ येथे सुचवावासा वाटतो. मोडीच्या धर्तीवर एक मराठी उतारा विरामांवाचून फळ्यावर लिहावा : ‘काल मी मांजरीहून सकाळी निघालो बस गाडीतळावर बंद पडली मी चालत कॉलेजात आलो तास संपला होता सर म्हणाले की उद्या लवकर या’. वर्गातील कोणीही याचे पाच तुकडे अडखळल्याशिवाय करतो, कारण ‘निघालो’, ‘पडली’, ‘आलो’, ‘होता’ ही क्रियापदे त्याचा हात धरून नेतात. मग त्याच मजकुराचे इंग्रजी तसेच विरामांवाचून लिहावे : ‘येस्टरडे आय लेफ्ट मांजरी इन द मॉर्निंग द बस ब्रोक डाउन ॲट गाडीतळ आय वॉक्ट टु कॉलेज द लेक्चर वॉज ओव्हर’. येथे ‘इन द मॉर्निंग’ हे निघण्याकडे जाते की बस बंद पडण्याकडे, आणि ‘ॲट गाडीतळ’ हे बसचे ठिकाण की चालावयास लागण्याचे, यावर वर्गात दोन पक्ष पडतात. दोन्ही पक्षांची वाक्ये शुद्ध असतात. मराठी उताऱ्यात ‘सकाळी’ आणि ‘गाडीतळावर’ हे शब्द आपापल्या क्रियापदाच्या अलीकडेच अडकलेले असल्याने तेथे असा वाद होऊ शकला नव्हता. आता तो पूर्णविरामानेच मिटवावा लागतो, आणि तो बिंदू कोठे ठेवावयाचा हे विद्यार्थी प्रथमच श्वासावरून न ठरविता अर्थावरून ठरवितात.